आरमारात जाण्यापूर्वी

दिवाळीच्या सुटीत घरोघर एक विषय हमखास निघतो. फराळाची ताटे पुढे असतात, पाहुणे जमलेले असतात, आणि तेवढ्यात कोणीतरी घरातल्या तरुणाला विचारतो, "मग, पुढे काय करायचे ठरवले आहेस?" दहावी-बारावीच्या मुलांची उत्तरे ठरलेली असतात. पण कॉलेजात दोन वर्षे काढत आलेला मुलगा जेव्हा "मी कॉलेज सोडतो" म्हणून मोकळा होतो, तेव्हा हातातली चकली हातातच राहते.

यंदा हा प्रसंग भाईंदरजवळच्या डोंगरीला, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी आला. भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला नौदलात जायचे आहे. मेहुण्यांचे म्हणणे, आधी पदवी पदरात पडू दे, मग बोल. बहिणीचे म्हणणे त्याहून साधे: "दादा, एकुलता एक मुलगा, तो समुद्रावर कशाला धाडायचा?" उत्तनच्या होड्या जाता-येताना पाहणाऱ्या बाईने असे म्हणावे याचे मला नवल वाटले नाही. समुद्र जवळून पाहिलेल्यांनाच त्याची भीती नीट कळते.

भाच्याने इतिहास पुढे केला. डोंगरी हे धारावी बेटावरचे गाव. इथल्या किल्ल्यासाठी मराठे पोर्तुगिजांशी झुंजले आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. मी म्हणालो, "बाबा रे, इतिहासाने छाती फुगते खरी, पण वैद्यकीय तपासणीत ती टेपाने मोजतात. तू जाहिरात वाचली आहेस का?" तेव्हा कुठे आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

नौदलाला दारे अनेक आहेत. अधिकारी व्हायचे तर बारावीनंतर खडकवासल्याची एनडीए आहे, किंवा जेईईच्या परीक्षेवरून केरळातील एझिमलाची नौदल अकादमी आहे. पुढची बरीच दारे इंजिनिअरिंगच्या पदवीधरांची; इतर पदवीधरांना ती थोडी, आणि तीही विषयांच्या व गुणांच्या अटींवर. भाच्याच्या मनात होते ते दार अग्निवीराचे. २०२२ साली सुरू झालेल्या या योजनेत वयाची सर्वसाधारण मर्यादा साडेसतरा ते एकवीस ठेवली गेली. नौदलात एक भरती दहावीवर होते, दुसरी गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन बारावी झालेल्यांची. उमेदवार अविवाहित हवा. मुलींच्या पालकांनीही हे वाचावे, कारण मार्च २०२३ मध्ये प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेल्या नौदलाच्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या.

इथेच या मुलाचा खरा पेच दिसला. येत्या जूनला तो वीस पुरा करील. पदवीची शेवटची परीक्षा होईल तेव्हा एकविसाव्या वाढदिवसाला जेमतेम दोन महिने उरलेले असतील. "आधी पदवी" हा मेहुण्यांचा सल्ला शहाणपणाचा असला, तरी तेवढ्यात दार बंद होण्याचा संभव आहे. प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत जन्मतारखांची मर्यादा छापलेली असते. घरच्यांच्या अंदाजापेक्षा तीच प्रमाण मानावी.

मग पैशाचा हिशेब. २०२२ च्या अटींप्रमाणे पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, सरकार तेवढीच भर घालते, आणि चार वर्षांनी व्याज सोडून सुमारे १० लाख हाती येतात. पण या नोकरीला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम करण्याची तरतूद आहे. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर चोविशी-पंचविशीत घरी परतणार. आपला मुलगा पंचविसांतलाच असणार असे प्रत्येक आईबापाला वाटते. हिशेब मात्र पंचाहत्तरांतला धरून करावा.

अटी आधी वाचाव्यात, हे मुंबईला कोणी नव्याने सांगायला नको. फेब्रुवारी १९४६ मध्ये इथल्याच 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेत खलाशांनी संप पुकारला आणि तो पाहता पाहता जहाजांवर पसरला. स्वातंत्र्याची ऊर्मी त्यामागे होतीच. पण निकृष्ट अन्न, अपमानाची वागणूक आणि भरतीच्या वेळी दाखवलेली खोटी आमिषे यांचा संतापही होता. आजचे नौदल ते नव्हे. तरी स्वप्न पाहून सही करणारा आणि अटी वाचून सही करणारा यांच्यात पुढे फार अंतर पडते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

शेवटी मी मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न विचारला. "तुला नौदल हवे आहे, की कॉलेज नको आहे?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, पाठांतर नको वाटते. प्रयोगशाळा आवडते." उत्तर प्रामाणिक होते, म्हणून मला बरे वाटले. कारण पुस्तकाला कंटाळून नौदलात जाणारा पुन्हा पुस्तकाच्याच दारात उभा राहतो. नवे खलाशी आधी ओडिशात 'आयएनएस चिल्का'वर शिकतात. जहाजांच्या इंजिनांची विद्या १९४५ पासून लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त शिकवली जाते. समुद्रावर जायला निघालेला मुलगा बोरघाट चढून वर्गात बसतो!

तेव्हा असे ठरले. अर्ज करायला कॉलेज सोडावे लागत नाही. म्हणून अर्ज करायचा आणि तासही चुकवायचे नाहीत. रोज सकाळी धावायचे, कारण १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळावे लागते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायचीच. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षे पुरी करणाऱ्याला पदविका घेऊन बाहेर पडता येते. मधेच उठून गेलेल्याच्या हाती ती पडत नाही. परत येण्याची मुदत किती, हे कॉलेजच्या ऑफिसातून लेखी आणायचे. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रमही २०२२ मध्ये जाहीर झाला आहे, त्याचे नियम पाहून ठेवायचे. आणि रुजू होण्याचे पत्र हातात पडेपर्यंत कॉलेजातले नाव काढायचे नाही.

मेहुण्यांना हे पटले. बहिणीला सगळे पटले असे म्हणवत नाही. ती एवढेच म्हणाली, "आणि पंचविसांत नाही आला तर?"

"तर चार वर्षांनी तुझ्याकडे परत येईल," मी म्हणालो, "हाती कसब असेल, बँकेत पैसे असतील, आणि पदवीचे एकच वर्ष उरलेले असेल."

तिने थोडा विचार केला आणि मुलाला सांगितले, "उद्यापासून पहाटे उठवीन. धाव."