प्रकाशाच्या दोन वाटा

बंगळुरूच्या पूर्वेला के. आर. पुरम आहे. तेथून जुन्या मद्रास रस्त्याने पुढे गेले की होसकोटे लागते. होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. ती उपग्रहामार्फत होसकोट्याहून चालवली जाते. तिने टिपलेल्या एका जुळ्या प्रकाशाची ही हकिकत आहे.

प्रकाश सरळ रेषेत जातो, असे आपण शाळेत शिकतो. आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये वेगळेच सांगितले. जड वस्तूभोवती अवकाश आणि काळ वक्र होतात, त्यामुळे प्रकाशाची वाटही वळते. न्यूटनच्या नियमाने सूर्याजवळ किरण जितका वळायला हवा, त्याच्या दुप्पट वळेल, असा त्यांचा हिशेब होता. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात मोजमाप झाले आणि कौल आइन्स्टाइन यांच्या बाजूने लागला.

मग वाटेत तारा आडवा आला, तर मागच्या एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतील का? असे दृश्य पाहायला मिळण्याची फारशी आशा नाही, असे १९३६ मध्ये खुद्द आइन्स्टाइन यांनीच लिहिले. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचवले, की ताऱ्याऐवजी अख्खी दीर्घिका आडवी असेल तर ते दिसू शकेल. १९७९ मध्ये तसा पहिला जुळा क्वेसार सापडला. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा.

एकाच घरातून दोन पत्रे निघाली, एक जवळच्या वाटेने आणि दुसरे वळसा घालून, तर ती वेगवेगळ्या दिवशी पोचतात. प्रकाशाचेही तसेच. अशाच एका जुळ्या क्वेसारवर २००५ ते २०११ या काळात हानलेसह तीन ठिकाणच्या दुर्बिणींनी नजर ठेवली. एका प्रतिमेत दिसलेला चढउतार दुसऱ्या प्रतिमेत सुमारे ११९ दिवसांनी दिसतो, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे, हे अशा विलंबावरून काढता येते. ही युक्ती नॉर्वेचे रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच सुचवली होती.

प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांविषयी तर्क कोणीही लढवू शकतो. पण ‘इतका वळेल’, ‘इतक्या दिवसांनी दिसेल’ असा आकडा जो तर्क पुढे ठेवतो, त्यालाच आकाश उत्तर देते. मग ते उत्तर खुद्द आइन्स्टाइन यांचा अंदाज चुकवणारे का असेना!