नोकरदाराचा पोशाख आणि त्याचा खर्च

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना कचेरीत जीन्स व टी-शर्ट वापरण्यास मनाई केली आणि शुक्रवारी खादी वापरावी, असे सुचविले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही असाच फतवा निघाला. पुरुषांनी सदरा विजारीत खोचावा, इथपर्यंत त्यात तपशील होता. नीटनेटकेपणाचा आग्रह गैर नाही. परंतु हा खर्च कोणाच्या खिशातून व्हायचा? शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढले तेही दरमहा १६ ते २० हजार रुपयांपर्यंतच. सदरे, विजारी, बूट यांची बेगमी त्याने त्यातूनच करायची. खादी तर खळ आणि इस्त्री मागते. कारकून टेरिकॉटला चिकटून राहिला तो अभिरुचीच्या अभावी नव्हे. रात्री धुतलेला सदरा सकाळी अंगात घालता येतो, हे त्याचे साधे गणित आहे.

खांद्याची शिवण खांद्यावरच बसली, विजार बुटाला टेकेल इतकीच लांब असली, की मध्यम प्रतीचे कापडही शोभते. म्हणून कापडावरचे चार पैसे वाचवून ते शिंप्याला द्यावेत. सदरा प्रथम विरतो तो कॉलरला. ती उलटवून घेण्याची जुनी रीत मुळीच हिणकस नव्हती.

टायचे स्तोम मात्र येथील हवेत अनाकलनीयच. जपानी सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांना टाय व कोट उतरविण्यास सांगितले आणि वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले. इकडे विम्याचा तरुण विक्रेता भर मे महिन्यात गळा आवळून दारोदार हिंडतो आणि त्याला टाय सक्तीचा करणारा साहेब गारव्यात बसतो.