दर्शन की प्रेक्षण?

जपानमधील क्योतो या प्राचीन राजधानीत १९८५ साली एक विलक्षण तंटा उद्भवला. तेथील महापालिकेने नामांकित बौद्ध मंदिरांत येणाऱ्या प्रत्येक प्रौढ अभ्यागतावर ५० येनांचा कर बसविला. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी पैसा हवा, हा तिचा हेतू. मंदिरांनी प्रतिप्रश्न केला: आमच्या उंबरठ्याच्या आत येणे हे धर्माचरण आहे, त्यावर कर कसला? महापालिकेचे उत्तर सरळ होते: हे लोक उपासनेला येत नाहीत, पाहायला येतात. तंटा चिघळला आणि कियोमिझु, किंकाकुजी यांसारख्या मंदिरांनी आपले दरवाजेच लावून घेतले. भोवतालच्या दुकानदारांचा धंदा बसला. अखेर १९८८ साली कर रद्द झाला. कर गेला, प्रश्न मात्र उरला.

स्वतः प्रवेशमूल्य घ्यायचे आणि कर आला की भक्तीची ढाल पुढे करायची, यात विसंगती होती हे मान्य केले पाहिजे. परंतु मंदिरांचा मूळ मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. जेथे आजही सूत्रपठण होते, ती जागा केवळ प्रेक्षणीय स्थळ कशी म्हणावी? उलट, हातात कॅमेरा घेऊन अर्ध्या तासात तीन मंदिरे ‘उरकणाऱ्या’ प्रवाशाला उपासक तरी कसे म्हणावे? आज ही गर्दी इतकी वाढली आहे, की क्योतोच्या गिओन भागातील रहिवाशांना २०२४ साली आपल्या खासगी गल्ल्या प्रवाशांना बंद कराव्या लागल्या.

या पेचावर साइहोजी या मंदिराने १९७७ सालीच स्वतःपुरता तोडगा काढला होता. शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या या मंदिराने वाटेल त्याला वाटेल तेव्हा प्रवेश देणे थांबविले. आधी अर्ज करायचा, ठरल्या वेळी जायचे आणि बाग पाहण्यापूर्वी बसून सूत्राची अक्षरे लिहायची, असा शिरस्ता घातला. येणाऱ्याची श्रद्धा कोणी तपासत नाही. त्याच्याकडून मागितला जातो तो थोडा वेळ आणि थोडी शांतता. धर्म आणि पर्यटन यांत याहून शहाणी तडजोड क्वचितच आढळेल.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत. हा कान्नोन म्हणजे आपलाच अवलोकितेश्वर. जपानमधील त्या मूर्तींप्रमाणे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर मुंबईजवळच्या कान्हेरीतही कोरलेला आहे. क्योतोत त्या मूर्तींपुढे छायाचित्र काढण्यास मनाई आहे आणि माणसे हलक्या पावलांनी पुढे सरकतात. कान्हेरीत आपण काय करतो? प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकतो, डबे उघडतो, भिंतीवर नावे कोरतो. तेथे आता भिक्षू राहत नाहीत, ही काही सबब नव्हे. ज्यांनी वर्षानुवर्षे छिन्नी चालवून तो डोंगर पोखरला, त्यांच्या श्रमांचा मान राखण्यासाठी बौद्ध असावे लागत नाही.

शाळांच्या सहली लेण्यांकडे नेणाऱ्या शिक्षकांनी साइहोजीचा धडा अवश्य गिरवावा. लेण्यात शिरल्यावर मुलांना पाच मिनिटे न बोलता बसवावे आणि समोर दिसेल ते वहीत लिहावयास सांगावे. यासाठी शासनाचा हुकूम नको, की अनुदान नको. तिकिटाने फाटक उघडते; त्यापुढचे मोल ज्याचे त्यानेच द्यायचे असते.