वस्तऱ्याचा आरसा करू नका

नांदेड-लातूरकडं एड्सच्या धास्तीनं सलूनांत अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आणि धोकटीतले जुने पोलादी वस्तरे मागं पडले. हौशी लोक आता ते जमवतात, हे चांगलंच. पण बफिंगच्या चाकावर धरून आरसा करतात, ते मला पटत नाही. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. झोलिंगेन, शेफील्डचे शिक्के पुसले जातात ते वेगळंच. आणि दगडावर घासून-घासून निम्मं झिजलेलं पातं म्हणजे त्या कारागिराची हजेरी की हो! गंज तेल लावून हातानं काढा, डाग राहू द्या. वस्तरा कुणाचा होता, हेही घेतानाच विचारा. भंगारात गेल्यावर कोण सांगणार?