आधी आपले खड्डे बघा म्हणणाऱ्यांना

गाझाचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं: घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आधी आपले खड्डे बघा, आपला शेतकरी बघा. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, आझाद मैदानावर निदर्शनं करू मागणाऱ्या माकपला साधारण हेच सुनावलं. आपल्या देशाकडे बघा, देशभक्त व्हा.

बरं. मग फ्रान्समधल्या गोदी कामगारांचं बघू. जून २०२५, मार्सेयजवळचं फोस बंदर. कामगारांना कळलं की हैफाला जाणाऱ्या जहाजावर मशीनगनच्या गोळ्यांचा पट्टा जोडणाऱ्या कड्या चढणार आहेत. त्यांनी तो कंटेनर हुडकला, बाजूला काढला. बाकी माल चढवला, ह्याला हात लावला नाही. ना दगडफेक, ना जाळपोळ. इटलीत लिव्होर्नोच्या कामगारांनी मे २०२१ मध्ये हेच केलं. डर्बनच्या कामगारांनी तर फेब्रुवारी २००९ मध्येच इस्रायली माल घेऊन आलेलं जहाज उतरवायला नकार दिला होता. वर्णद्वेष काय असतो हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं.

ह्या लोकांना घरचे प्रश्न नाहीत असं वाटतं का? फोसचा कंटेनर अडवणारी सीजीटी पगारासाठी, पेन्शनसाठीही संप करते. स्वतःच्या हक्कासाठी उभं राहायची सवय असते तीच माणसं दुसऱ्यासाठीही उभी राहतात. खड्ड्यांचं कारण पुढे करणारे तुम्ही, खड्ड्यांसाठी तरी कधी रस्त्यावर उतरलात?

"हमासचं काय?" ७ ऑक्टोबर २०२३ ला सामान्य माणसं मारली, ओलीस नेली, तो गुन्हाच होता. म्हणून गाझातल्या पोरांना उपाशी ठेवायचं, हा कुठला हिशेब?

आणि हे परदेशी खूळ नाही हो. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातल्या ११ मोठ्या बंदरांतल्या साडेतीन हजार कामगारांच्या फेडरेशनने जाहीर केलं, की इस्रायलला जाणारी शस्त्रं आम्ही हाताळणार नाही. ऐकली होती ही बातमी?

राहिली देशभक्ती. १९४६ साली, स्वतःचं स्वातंत्र्य हातात यायच्या आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. "आधी घरचं बघा" म्हणायला ह्याहून मोठं कारण आज तुमच्याकडे आहे का?