नऊ पावलं आणि पाच नॅनोग्रॅम

नाकाबंदीत दारू प्यायलेल्याचा निकाल चटकन लागतो. हवालदार यंत्र तोंडाशी धरतो, फुंक मारली की आकडा उमटतो. गांजा ओढलेल्याचं काय करायचं?

गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, चरबीत मुरतं. झुरके मारताना रक्तातलं प्रमाण एकदम चढतं आणि तासा-दोन तासांत झपाट्यानं उतरतं. डोकं मात्र अजून तरंगतच असतं. उलट, रोज ओढणाऱ्याच्या रक्तात तो पूर्ण भानावर आल्यावर कित्येक दिवसांनीही ते सापडू शकतं. म्हणजे तर्र माणूस सुटायचा आणि शुद्धीतला अडकायचा!

तरी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१२ च्या सार्वमतातून चालकाच्या रक्तात मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम टीएचसीची मर्यादा घातलीच. ती गाठली की गुन्हा. कोलोरॅडोचा आकडाही ५ च, पण त्यावरून अंमल होता असं मानायची ज्यूरीला फक्त मुभा आहे, सक्ती नाही. एवढा तरी शहाणपणा बरा.

मला पटतो तो मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निवाडा. पोलीस संशयित चालकाला सांगतात: टाचेला चवडा लावत सरळ रेषेत नऊ पावलं जा, वळा, नऊ पावलं परत या. मग एका पायावर उभे राहा. रस्त्याकडेच्या या कसरती पारखल्या गेल्या दारूसाठी. गांजाच्या बाबतीत त्यांच्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. (एका पायावर तीस सेकंद मी निर्व्यसनी असूनही टिकेन, याची खात्री नाही.) म्हणून न्यायालय म्हणालं, पोलिसानं डोळ्यांनी पाहिलं ते सांगावं: तोल गेला, सूचना लक्षात राहिली नाही. पण ‘चाचणीत नापास’ हे शब्द नकोत, ‘गांजाच्या अंमलाखाली होता’ हे मतही नको. आणि निव्वळ या कसरतींवर कुणालाही दोषी धरता येणार नाही.

यानं गंजेकऱ्यांना रान मोकळं होईल, अशी ओरड होते. मला ती पटत नाही. गाडी कशी चालली, चालक काय बोलला, गाडीत काय सापडलं, हे सगळं सांगायला सरकारी वकिलाला कुणी अडवलेलं नाही. कष्ट वाढतील, इतकंच.

हा प्रश्न आपल्याकडेही आहेच. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अमली पदार्थासाठी आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, असे शब्द आहेत.