आधी लिफ्ट, मग रिंग

नोएडात कुत्रा पाळणं हा आता घरगुती मामला राहिलेला नाही. सोसायटीच्या सभेत पाणी आणि पार्किंग संपलं की तिसरा विषय तोच. नोएडा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव प्राण्यांचं धोरण आणलं. अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची, रेबीजची लस सक्तीची, आणि मार्च २०२३ पासून कुत्रा कुणाला चावला तर मालकाला १०,००० रुपये दंड, वर जखमीच्या औषधपाण्याचा खर्च. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ ‘हिंस्र’ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिनाभरात रद्द केलं. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला आणि २२ तारखेला तो दुरुस्त केला. लिफ्टमधले चेहरे मात्र अजून दुरुस्त झालेले नाहीत.

अशा वातावरणात मी म्हणते आहे की तुमचा घरचा कुत्रा स्पर्धेत उतरवा. हे वाचून आमच्या मजल्यावरचे दोन काका माझ्याशी बोलणं सोडतील, याची मला कल्पना आहे.

आपल्याकडे डॉग शो म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते शाम्पू केलेलं गोल्डन रिट्रीव्हर आणि त्याचे दात तपासणारा कोटातला जज. तो कुत्रा त्याच्या जातीच्या ठरलेल्या मापात किती बसतो, हे तिथे पाहतात: जबडा, शेपटी, खांदे, चाल. ते ज्याचं त्याला लखलाभ. मला त्यात फार रस नाही, कारण त्यात कुत्र्याला करायला काही नसतं. मी बोलते आहे ती त्याच मैदानाच्या कोपऱ्यात, चार रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेल्या ऑबिडिअन्सबद्दल, म्हणजे आज्ञापालनाच्या स्पर्धेबद्दल, आणि परदेशात स्टेडियम भरवणाऱ्या अ‍ॅजिलिटीबद्दल. इथे कुत्रा काय करतो याला गुण असतात.

अ‍ॅजिलिटीचा जन्म तर मधल्या वेळेत प्रेक्षकांना बसवून ठेवण्यासाठी झाला. तेव्हा लंडनमध्ये भरणाऱ्या क्रफ्ट्स या मोठ्या शोमध्ये मुख्य कार्यक्रमाआधी एक मोकळी फट राहत होती. आयोजन समितीतले जॉन व्हार्ली घोड्यांच्या जगातले. घोडे अडथळ्यांवरून उड्या मारतात तर कुत्र्यांनी का मारू नयेत, असा त्यांचा हिशेब. पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने कुत्रे तयार केले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये ऑलिम्पियाच्या सभागृहात दोन संघ धावले. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. दोनच वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळाला मान्यता दिली.

आज एफसीआय या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे एका कोर्सवर १५ ते २२ अडथळे असतात. उड्यांचे बार, कापडी बोगदे, बारा खांबांमधून नागमोडी जायचं, सी-सॉवरून उतरायचं, आणि ए-फ्रेम चढून उतरताना खालच्या रंगीत पट्ट्यावर पाय टेकवायचाच. बार पडला की पाच दोषगुण, पट्टा चुकला की पाच. तीनदा अडथळा नाकारला किंवा चुकीचा अडथळा घेतला की बाद. कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ ठेवायचा नाही. उरतो तुमचा आवाज, तुमचे खांदे आणि तुमची पावलं.

या खेळातला मला सर्वांत आवडणारा भाग सुरू होतो कुत्रा मैदानात यायच्या आधी. जज कोर्स मांडतो आणि हँडलरना तो पायी फिरून पाठ करायला काही मिनिटं मिळतात. त्या वेळी पंचवीस-तीस मोठी माणसं हात पुढे करून, न दिसणाऱ्या कुत्र्याला ‘इकडे, इकडे, आता आत’ असं पुटपुटत, मधेच गर्रकन वळत मैदानभर फिरत असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकाच वेळी झपाटलंय. पण बहुतेक दोष तिथेच ठरतात. कुत्रा चुकीच्या बोगद्यात शिरला तर नव्वद टक्के वेळा हँडलरचा खांदा आधी तिकडे वळलेला असतो.

हे सगळं नोएडाच्या अठराव्या मजल्यावर कुठून आणायचं? तर लिफ्टमधून.

आमची चिंगी जन्माने याच इमारतीच्या तळघरातली. वंशावळ पार्किंगच्या खांबापाशी संपते. खांद्यापाशी उंची ४६ सेंटिमीटर, म्हणजे एफसीआयच्या मापात ती अलीकडेच आलेल्या ‘इंटरमीजिएट’ गटात बसेल. ४३ पर्यंत मीडियम, ४८ च्या वर लार्ज. तर चिंगीचं लिफ्टमधलं काम असं. दाराबाहेर बसायचं. दार उघडलं तरी उठायचं नाही. माझा शब्द झाला की आत, डाव्या पायाशी वळून कोपऱ्यात, पाठ भिंतीला. बाराव्या मजल्यावर दार उघडतं. क्रिकेटचं किट पाठीवर घेतलेला मुलगा, त्याच्यामागे दुधाची पिशवी घेतलेल्या आजी. चिंगीचा एक कान किटकडे, नाक दुधाकडे, आणि डोळे, थोडे नाइलाजाने, माझ्या तोंडाकडे. आजी पदर सावरून अंग चोरतात. चिंगी बसलेलीच. तळमजल्यावर आधी माणसं बाहेर, मग आम्ही.

आता हेच ऑबिडिअन्सच्या भाषेत लिहा: वेट, हील, सिट-स्टे, आणि व्यत्यय असताना हँडलरकडे लक्ष. रिंगमध्ये पहिल्या पायरीला जे मागतात त्यातलं बरंचसं इथे झालं. आजी तर कोणत्याही जजपेक्षा कडक. आणि तालमीची वेळ वेगळी काढावी लागत नाही, कारण उंच इमारतीतल्या कुत्र्याला दिवसातून तीन-चारदा खाली न्यावंच लागतं. पुण्यातल्या बंगलीवाल्यांना ही सोय नाही!

शिकवायचं कसं, तर भरलेल्या लिफ्टपासून सुरुवात करायची नाही. दुपारी दोन वाजता, सगळं सामसूम असताना, दारापासून दहा पावलांवर उभं राहायचं. दार उघडलं, कुत्र्याने तिकडे पाहिलं आणि आपणहून पुन्हा तुमच्याकडे पाहिलं, त्या क्षणी ‘येस’ म्हणून पनीरचा नखाएवढा तुकडा द्यायचा. पनीरला दिल्लीकडे तोटा नाही. मग अंतर कमी करायचं, किंवा बसण्याचा वेळ वाढवायचा, किंवा गर्दी वाढवायची. तिन्ही एकदम कधीच नाही. नेमक्या क्षणी खूण आणि मागोमाग बक्षीस, ही पद्धत मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या विद्यार्थ्यांनी, केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने, प्रयोगशाळेबाहेर आणली. पुढे हवाईत डॉल्फिनना शिट्टीवर शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ती कुत्र्यांच्या मालकांपर्यंत पोहोचवली. डॉल्फिनला गळ्यात साखळी घालून ओढता येत नाही, एवढं लक्षात घेतलं तरी पुष्कळ.

इथे ट्रेनरबद्दल बोलायलाच हवं. एनसीआरमध्ये ते पैशाला पासरी आहेत. सकाळी सात वाजता मोटरसायकलवरून येतात, चोक चेन चढवून तासभर कुत्र्याला फिरवतात, आणि साहेब उठायच्या आत निघून जातात. कुत्रा त्यांचं ऐकायला लागतो, साहेबांचं नाही. ‘महिनाभर आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो’ म्हणणाऱ्यांचं तर मी नावही घेणार नाही. हा जोडीचा खेळ आहे, शिकायचं दोघांनी. तुमच्या हातात लीश देऊन स्वतः बाजूला उभा राहणारा आणि तुम्हालाच बोलणारा ट्रेनर मिळाला तर त्याला सोडू नका, भले चार पैसे जास्त घेवो.

सामानासाठी ऑनलाइन दुकानं धुंडाळू नका. प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसी पाइप मिळतात, खांबांसाठी ते चालतात. स्पर्धेत दोन खांबांत ६० सेंटिमीटर अंतर असतं, सुरुवात दोनच खांबांनी करा. लहान मुलांचा कापडी बोगदा चालतो. उडीसाठी दोन कुंड्या आणि केरसुणीचा दांडा, तोही पहिल्या दिवशी जमिनीवर. एफसीआय अठरा महिन्यांआधी कुत्र्याला स्पर्धेत उतरूच देत नाही, आणि ते उगाच नाही: हाडांची वाढ पुरी व्हायच्या आत उड्या मारल्या तर सांध्यांना कायमची इजा होऊ शकते. लॅब्रडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा दोष आनुवंशिक असतो, त्यांचा एक्स-रे आधी काढावा. घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्स हा आणखी एक शत्रू. त्यावर चेंडू फेकणं बंद करा, सराव करायचा तर योगा मॅट अंथरा. आणि एनसीआरमधले निम्मे लॅब्रडॉर आधी बारीक व्हायला हवेत. बरगड्या हाताला लागत नसतील तर आणखी काही दिवस फक्त चाला.

जागा आणि हवा, दोन्ही इथे रुसलेली. बहुतेक उद्यानांच्या फाटकावर पाळीव प्राण्यांना मनाईची पाटी. सोसायटीच्या हिरवळीवर पाइप रोवायचे तर एओएची, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघटनेची, परवानगी लागते; नोंदणीचं प्रमाणपत्र आणि लसीचं कार्ड घेऊन गेलात आणि सकाळी सहा ते सात एवढीच वेळ मागितलीत तर मिळते, असा अनुभव आहे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नये. पावसाळ्यात गोचिडी. नोव्हेंबर उजाडला की प्रदूषणामुळे लागणारे ‘ग्रॅप’चे निर्बंध, एक्यूआय चारशेच्या वर, आणि बाहेर पळणं माणसालाच नको असतं.

त्या दिवसांत मी नाकाचा खेळ सुचवेन. अमेरिकेतल्या सेंट वर्क स्पर्धांमध्ये कुत्र्याला ठरावीक गंध शोधायला लावतात, त्यात एक लवंगेचा आहे. कापसावर लवंगतेलाचा थेंब, कापूस छिद्रं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत, डबी कुत्र्याला चाटता-चावता येणार नाही अशा बेताने सोफ्याखाली किंवा पुस्तकांच्या फळीवर. डबी दाखवली की पनीर. बंद खिडक्यांच्या दोन खोल्यांत हे अख्खं चालतं. पंधरा मिनिटं नाक चालवलेला कुत्रा तासभर फिरून आल्यासारखा झोपतो, आणि म्हातारा, लंगडा, भित्रा असा कुठलाही कुत्रा हे करू शकतो.

आता चिंगीसारख्यांची अडचण. चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्ये उतरायचं तर साधारणपणे नोंदणीकृत जातीचा आणि मायक्रोचिप बसवलेला कुत्रा लागतो. मला हे पटत नाही. सौंदर्याच्या रिंगमध्ये जात बघा, ते समजू शकतं; बस म्हटल्यावर बसण्यात जातीचा काय संबंध? न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोने २०१४ मध्ये अ‍ॅजिलिटी सुरू केली तेव्हापासूनच मिश्र जातींना दार उघडं ठेवलं. मे २०२४ मध्ये तिथे पहिलं आलं ते निंबल नावाचं बॉर्डर कोली आणि पॅपिलॉन यांचं संकरित श्वान. आपल्या क्लबांनीही ऑबिडिअन्स सर्वांना खुली करावी. तोपर्यंत भटक्यांतून आलेल्यांना हौशी सामने आणि मेळे आहेत. दिल्लीत हिवाळ्यात भरणारा पेट फेड ही स्पर्धेपेक्षा जत्राच जास्त, पण गर्दीत, ढोलाच्या आवाजात आपला कुत्रा कसा वागतो ते बघायला त्याहून चांगली जागा नाही.

आणि देशी कुत्र्याला डोकं नसतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात, याच उत्तर प्रदेशात, लखनौला, सीमा सुरक्षा दलाची रिया विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून पहिली आली. रिया मुधोळ हाउंड आहे. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असलं तरी संस्थान आपल्या घोरपड्यांचं. मालोजीराजे घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि तिची एक जोडी ब्रिटनच्या पंचम जॉर्जला भेट दिली. पुढे ती विस्मरणात गेली. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं नोएडापासून जेमतेम दीड तासावरच्या मेरठला, लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात शिकायला आली. रियाची तालीम ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरची. लातूरकडच्या कारवान हाउंडची धाव ज्यांनी शेताच्या बांधावरून पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मराठवाड्यातल्या वाचकांच्या घरी कारवान असेल आणि तो दिवसभर खुंट्याला बांधलेला असेल, तर हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात करायची तर येत्या हिवाळ्यातला जवळचा शो शोधा. क्लबांच्या तारखा आधी जाहीर होतात. पहिल्या खेपेला कुत्रा घरीच ठेवा. सजवलेल्या कुत्र्यांच्या गर्दीतून थेट ऑबिडिअन्सच्या रिंगपाशी जा, खुर्च्या रिकाम्याच असतील. दोन तास बसा आणि कुत्र्यांकडे कमी, हँडलरच्या हातापायांकडे जास्त बघा. त्यातला जो हरल्यावरही कुत्र्याला खाऊ देतो, त्याला गाठून विचारा की तो कुणाकडे शिकला.